दोनच सीटची पिवळी गाडी

ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या हामादा गावात सलून चालवणारे कुरामोची, त्यांनी स्वतः मला सांगितली. आणि रात्रीचीही नाही. ऑक्टोबरातल्या एका रविवारची, लख्ख उन्हातली आहे.

तरुणपणापासून कुरामोचींना ती गाडी हवी होती. चिमुकली, पिवळी, दोनच सीटची. कापडी टप मागे सारला की डोक्यावर मोकळं आभाळ. इंजिन सीटच्या लगेच मागे, पाठीला त्याची धग लागायची. साठीला टेकल्यावर ती मिळाली, सासाकुरा नावाच्या विधवा बाईंकडून. नवरा गेल्यापासून शेडमध्ये उभी होती.

पहिल्याच आठवड्यात वास सुटला. सुक्या माकळाचा, म्हणजे लोक येताजाता चघळतात त्या चिवट मासळीचा. पण ओलसर... तोंडात घोळवलेल्यासारखा.

मग दाराच्या कप्प्यात तो सापडला.

चघळून चघळून चोथा झालेला माकळाचा गोळा. लाळेने बुळबुळीत.

आणि कोमट.

बायको, नोबुए, भडकलीच. "अहो, थुंकायला घरात मोरी आहे ना?"

"या कवळीने माकूळ चावेल का मला?" कुरामोची म्हणाले.



त्यांनी साबणाने सगळं घासलं. गोळा पुन्हा आला. सीटखाली. एकदा तर कोटाच्या खिशात. आणि गाडी चालवताना, इंजिनाच्या आवाजातून, अगदी मानेमागे...

चप्. चप्. चप्.

मागे नुसता पत्रा होता. हात घालायलाही जागा नव्हती. गाडी विकायला हवी होती, हे त्यांना कळत होतं. पण जीव जडला होता.

त्या रविवारी त्यांनी नोबुएला कसंबसं राजी केलं. समुद्राकाठच्या रस्त्याने दीपगृहापर्यंत गेले. टप उघडा होता. ती डोळे मिटून ऊन खात बसली. ते समोरच्या, नाणं टाकायच्या मशिनमधून चहाचे डबे आणायला गेले.

परत आले, तर ती काहीतरी चघळत होती.

डोळे मिटलेलेच. हनुवटी ओली.

"काय खातेस?"

"तुम्हीच तर भरवलंत, मागून," ती म्हणाली. "बोटं किती चिकट तुमची."

कुरामोचींनी तिच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढलं. करडं, चपटं. त्याला मिशीचा एक आखूड पांढरा केस चिकटला होता.

नोबुए रस्त्याच्या कडेला पित्त पडेपर्यंत ओकली.

संध्याकाळी त्यांनी सासाकुरा बाईंना फोन केला.  बाईंनी सांगितलं, की नवऱ्याला घशाचं दुखणं होतं. गिळता येत नव्हतं. माकळाची चव मात्र सुटत नव्हती. रोज त्या गाडीत बसायचा, चावायचा, आणि चोथा बाईंच्या तोंडात घालायचा.

"मी गिळायचे," बाई म्हणाल्या. "मी गिळल्यावरच त्याचं पोट भरायचं."

दुसऱ्याच दिवशी कुरामोचींनी गाडी भंगारात दिली. डोळ्यांदेखत चेपून घेतली.

नोबुएचं जेवण सुटलं ते सुटलंच. भाताची पेज तेवढी घेते, तीही त्यांच्याकडे पाठ करून. डॉक्टरांना काही सापडत नाही. एकदा कुरामोची तिची समजूत काढायला गेले. म्हणाले, अगं, मी वेळेवर काढलं ना ते तोंडातून...

तिने हातातलं भांडं विसळून पालथं घातलं.

"तुम्ही काढलात तो दुसरा घास होता," ती म्हणाली.