पाचवा बार

तसं काम साधंच होतं. विहिरीवर बांधलेला नाडा सोडून घरी आणायचा. टँकर गावच्या आडात पाणी ओतून जायचा, आणि ते शेंदायला सिद्रामप्पांच्या घरात दुसरा लांब नाडा नव्हता.

"बसू, ऊन चढायच्या आत जाऊन ये," आप्पा लेकाला म्हणाले. "आन् धोंडप्पाला म्हणावं, उद्यापासून हीर बुजवायला घेऊ."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. बारा दिवस ते असेच बसत होते.

बसवंत ऊन चढायच्या आत गेला नाही. सूर्य डोक्यावर यायची वाट पाहत तो कडब्याच्या गंजीआड बसून राहिला. मग गंजीत हात घालून त्यानं फडक्यात बांधलेला तोटा बाहेर काढला. सुरुंगाचा तोटा, वात लावलेला. धोंडप्पाच्या पिशवीतून त्यानं तो उचलला होता. भर बारा वाजता शेजारच्या कोरड्या विहिरीच्या तळाशी ग्यानोबाचा व्यंकटी जाऊन बसतो, हे साऱ्या शिवाराला ठाऊक होतं. बसवंतला आज व्यंकटीला मारायचं होतं.

अहमदपूरहून दोन कोसांवर, बांधाच्या अलीकडं सिद्रामप्पांची विहीर आणि पलीकडं ग्यानोबाची. मधे तीस हात जमीन. बांधावरच्या एका बाभळीवरून तीन वर्षांमागं जे बोलणं तुटलं ते तुटलंच. तिकडचं कुत्रं इकडं आलं तरी दगड बसायचा. त्यात दोन पावसाळे कोरडे गेले. ग्यानोबानं आपल्या विहिरीच्या तळातून आडवं बोअर मारलं, ते नीट सिद्रामप्पांच्या विहिरीत येऊन फुटलं. पाणी चोरलं म्हणून गावभर बोंब झाली. चोरायला पाणी होतं कुठं? दंडाएवढ्या त्या भोकातून इकडचं वारं तिकडं जायचं, एवढंच.

वारं, आणि बोलणं.

बसवंतची थोरली बहीण रुद्राणी दुपारी घागर आणि वाटी घेऊन झऱ्याचं पाणी भरायला उतरायची. वाटी-वाटीनं घागर भरायला तास जायचा. तिचे दोन तास जाऊ लागले. एकदा बसवंत हळूच मागनं उतरला, तर ही भिंतीला गाल लावून बसलेली.

"अक्का, भिंतीसंगं काय बोलून राहिलीस?"

ती दचकली, मग हसली. "भिंतीला कान असतात म्हणतेत. बघून राहिले, तोंडबी हाय का."

"व्यंकट्या हाय ना तिकडं?"

"आप्पाला सांगितलंस, तर चौथीत मास्तरला चावून शाळा सोडलीस, ते गावभर करीन बघ."

तो हसला होता. त्यानं सांगितलं नव्हतं. आता तेच हसणं त्याला निखाऱ्यासारखं भाजत होतं. सांगितलं असतं, तर अक्कानं मार खाल्ला असता. जिवंत तरी असती.

मग आप्पांनी विहीर खोल करायला काढली. सुरुंग लावायला धोंडप्पा. जन्मभर बार उडवून त्याचे दोन्ही कान गेलेले, म्हणून बांधावर उभं राहून बार मोजायचं काम बसवंतचं. जितके भरले तितके वाजले पाहिजेत. एक जरी कमी वाजला, तर तो शोधून काढल्याबिगर विहिरीत कुणी उतरायचं नाही, हा नेम. बसवंत मोजायला शिकला तो शाळेत नव्हे, खळ्यावर धान्य मापताना. त्याच्या तोंडी 'एक' कधी यायचाच नाही. खळ्यावर एकाला लाभ म्हणतात. त्या दुपारीही त्यानं तसंच मोजलं. लाभ, दोन, तीन, चार... आणि जरा थांबून, पाच. धोंडप्पानं लांबून पंजा दाखवला. बसवंतनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी अवस. अवसेला मजूर विहिरीत उतरत नाहीत. फुटलेले दगड तसेच पडून होते आणि दगडांनी बोअरचं तोंड बुजलं होतं. कुणी नाही असं पाहून रुद्राणी उतरली. तिनं पहार घेतली आणि बोअरचं तोंड मोकळं करायला लागली.

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. अक्काला बसवता आलं नाही.

अहमदपूरहून फौजदार आला. जिल्हा नवा होऊन दोन वर्षं झाली होती, पण त्याच्याकडचे कागद जुनेच. उस्मानाबाद खोडून त्यानं वर पेनानं लातूर लिहिलं आणि खाली लिहिलं, अपघात. वाकलेली पहार पोत्यात गुंडाळून घेऊन गेला. बसवंत ओरडत राहिला, "पाच भरले, पाच उडाले सायेब! मंग ह्यो कुठून आला? तिकडच्यांनी बोअरातनं सारला!" त्याला चौघांनी धरून मागं नेलं.

आज धरायला कुणी नव्हतं.

विहिरीवरच्या वाळल्या लिंबाखाली धोंडप्पा एकटाच बसला होता. बसवंत पायऱ्या उतरायला लागला तसा तो मोठ्यानं म्हणाला, "नाडा तर वरच बांधलाय की रं! खाली काय ठिवलंय?"

बसवंतनं मागं पाहिलं नाही.

पायऱ्या संपल्यावर तो नाड्याला धरून खाली सुटला. वर आभाळाचं पांढरं ताट, खाली गार सावली. जळक्या दारूचा वास अजून दगडांत होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक, अक्काच्या केसांतल्या खोबरेलाचा. त्यानं तोंडानं श्वास घेतला. बोअरचं तोंड आता चांगलं मोकळं होतं. पलीकडं कुणीतरी खाकरलं.

व्यंकटी आला होता.

बसवंतनं तोटा बोअरात ठेवला आणि हात बगलेपर्यंत घालून पुढं सारला. वेळूच्या काठीनं आणखी सारला. वातीचं टोक बाहेर लोंबत होतं. काडी ओढली.

"कोण हाय...?" बोअरातून आवाज आला. "बसवंत, तू हाईस का?"

वात चुरचुरायला लागली.

"तुझा बाप हाय," बसवंत दात खाऊन म्हणाला. "तोटा सारताना माह्या बहिणीचा आवाज आला न्हाई का रे तुला?"

"कुणी सारला?" व्यंकटीचा आवाज फाटला. "आमच्याकडं एकच हुता. त्यो आदल्या दिशीच उडाला. तुमच्यासंगंच... दुपारी बारालाच. तुमाला सांगायचं हुतं, पण सांगणार कोन? बोलणंच न्हाई तर..."

बसवंतनं जळत्या वातीकडं पाहिलं.

"बसवंत, ह्यो कशाचा वास येऊन राहिला?"

आणि तेव्हा, व्यंकटीच्या बाजूनं नाही, बसवंतच्या बाजूनंही नाही, त्या तीस हात अंधाराच्या मधोमध कुणीतरी हळूच म्हणालं,

"लाभ..."

वाटीनं घागरीत पाणी ओतावं तसा आवाज. सावकाश.

"दोन... तीन..."

"आली," व्यंकटी कुजबुजला. "रोज येती. बोलत न्हाई काही. निस्ती मोजती."

"चार..."

मग काहीच नाही. बसवंत वाट पाहत राहिला. वात चुरचुरत होती, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि पुढचा आकडा येत नव्हता.

"चारच्या म्होरं जात न्हाई ती," व्यंकटी म्हणाला. तो रडत होता. "कामून थांबती, तेवढं सांग रे... तुला ठावं असंल तर सांग."

बसवंतला ठाऊक झालं होतं. पाचवा बार त्यानं ऐकला होता, खरा होता तो. पण तो बांधाच्या पलीकडून आला होता; आपला पाचवा दगडात तसाच राहिला होता. त्यानं शेजाऱ्याचा बार आपल्या मापात धरला होता आणि मान हलवली होती.

त्यानं झडप घालून वात ओढली. जळती वात मधेच तुटून हातात आली. तळवा भाजला. तोटा उरलेल्या वातीसकट आतच राहिला. काठी घालून तो जवळ येईना, पुढंच सरकत गेला.

सांगायला हवं होतं. व्यंकटी, आत तोटा हाय, हात लावू नको, एवढंच. पण शिवी द्यायला वळलेली जीभ, तीन वर्षांच्या अबोल्यानं, एवढं सांगायला उचलली नाही. नाड्याला धरून, पायऱ्यांवर गुडघे फोडत तो वर आला.

धोंडप्पा लिंबाखाली उठून उभा होता. मान तिरकी करून काहीतरी ऐकत होता.

"कोन पहार मारून राहिलंय रे?" तो म्हणाला.

ज्या माणसाच्या कानाशी थाळी बडवली तरी पापणी हलत नसे, तो हे विचारत होता. बसवंतनं कान दिला. ठण्... ठण्... ग्यानोबाच्या विहिरीतून दगडावर पहार वाजत होती. बोअरचं तोंड मोकळं करताना वाजते तशी.

बसवंत धावला. तीन वर्षांत ओलांडला नव्हता तो बांध त्यानं एका उडीत ओलांडला. "बार! बार हाय!" त्याचा आवाज चिरकला. "व्यंकटी, पहार टाक! वर ये! तुला अक्काची आन हाय, वर ये!"

खालून पावलं वाजली. धापा टाकत व्यंकटी वर आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. दोन्ही हात रिकामे.

"आत तोटा हाय," बसवंत म्हणाला. "मीच सारला. तुला मारायला... पाच न्हवते उडाले रे. चारच उडाले हुते. मी चुकलो." मग त्यानं व्यंकटीच्या हातांकडं पाहिलं. "पहार कुठं ठिवलीस?"

"कशाची पहार? मी तर कान लावून बसलो हुतो."

ठण्...

दोघांनी एकदमच खाली पाहिलं. तळाशी कुणी नव्हतं. व्यंकटीनं बसवंतचं मनगट धरलं. पहार अहमदपूरला होती. पोत्यात, फौजदाराच्या खोलीत.

ठण्... ठण्...

मग आवाज थांबला. वारं पडलं. बसवंतनं मागं वळून पाहिलं. लिंबाखाली बहिरा धोंडप्पा डोळे मिटून खाली बसला होता, आणि बार उडायच्या आधी दाबतात तसे त्यानं आपले दोन्ही कान गच्च दाबून धरले होते.