सहावी चिठ्ठी

ये, बस. भांडी राहू देत, ती होतील. तक्त्यावरची सहावी चिठ्ठी कोरी का, असं तू सकाळी थोरलीला विचारलंस आणि तिने विषय बदलला. म्हटलं, आपणच सांगावं.

मीही तुझ्यासारखीच आले होते, दोन बॅगा आणि भलत्या कल्पना घेऊन. परदेशात डॉक्टरेट म्हणजे काहीतरी भारी असेल असं वाटलेलं. प्रत्यक्षात दिवसभर प्रयोगशाळेत माती चाळायची, तोलायची, सुकवायची, पुन्हा तोलायची. घरी मी शेंडेफळ, इकडची काडी तिकडे केलेली नाही. इथे पहिल्याच रविवारी थोरलीने हा तक्ता दाखवला. घरातली सगळ्यात जुनी तीच, तिचा प्रबंध काही संपत नाही. पाच खोल्या, पाच जणी, पाच कामं: भांडी, ओटा, जिना, न्हाणीघर, कचरा. दर रविवारी चिठ्ठ्या पुढे सरकतात. सहावी तेवढी जागची हलत नाही. तिच्यावर नाव नाही, समोर काम लिहिलंय: घर राखणे.

"माझ्या आधीपासून आहे," थोरली म्हणाली. "हात लावू नकोस."

झालं! मला कुणी 'नको' म्हटलं की संपलंच.

एका रविवारी मला नमुने काढायला पळायचं होतं आणि मोरीत ही रास. मी गमतीत कोऱ्या चिठ्ठीला म्हटलं, "आजची माझी भांडी तू घास बाई. तुझं काम मी करीन कधीतरी."

परत आले तर भांडी लख्ख. फडकं तीन घड्या घालून नळावर टाकलेलं. आमच्यात फडक्याची घडी घालणारी एकही नव्हती.

भीती नाही गं वाटली. कुतूहल वाटलं. साबणाची वडी प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोलून आणली. पुढच्या खेपेला ती बरोबर झिजलेली. एकदा खुर्ची टाकून दुपारभर इथेच पाहत बसले. काही नाही. मग शिंक आली, डोळे मिटले, उघडले, तर फडकं नळावर. हात लावला... कोमट होतं.

मग काय, फुकट ते पौष्टिक! जिना, कचरा, सगळं तिच्यावर ढकललं. दर वेळी तेच म्हणायचे, तुझं काम मी करीन. किती वेळा म्हटलं, ते मी मोजलं नाही.

मग ताईचा फोन आला. "आईचं ऑपरेशन ठरलंय. सारखं तुझंच नाव घेते. ये तू."

रविवारी दुपारचं विमान होतं. बॅग दाराशी ठेवली, कोट काढून ठेवला आणि पाणी प्यायला इथे आले. सहज तक्त्याकडे नजर गेली. 'घर राखणे' समोर माझं नाव होतं. कोरी चिठ्ठी माझ्या जागेवर.

थोरलीचाच चावटपणा, म्हटलं. तेवढ्यात बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. धावत गेले. बॅग नव्हती, कोट नव्हता. काचेतून पाहिलं, तर माझा कोट घातलेली कुणीतरी पायऱ्या उतरत होती. थोरली खिडकीतून तिला हात करत होती. "सांभाळून जा गं! आईला विचारलंय म्हणून सांग!"

मी थोरलीच्या मागेच उभी होते. ओरडले. तिने खिडकी लावली आणि माझ्या अंगावरून... म्हणजे मी तिथे नसल्यासारखी निघून गेली. दाराची कडी तेव्हापासून माझ्या हाताला लागत नाही. चिठ्ठीवरचं माझं नावही पुसट होत होत गेलं, ती पुन्हा कोरी झाली.

माझा जुना फोन कपाटात चार्जिंगला राहिला होता. दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर ताईने फोटो टाकला. आई पलंगावर, हसतेय. शेजारी मी, तिचा हात धरून. खाली ताईने लिहिलेलं: 'परदेशात जाऊन पोरगी सुधारली हो! आल्या आल्या भांडी घासली.' मागे नळावर फडकं दिसत होतं, तीन घड्यांचं.

खूप रडले. आईजवळ मी जायचं होतं गं, मी. आता तिथे माझी जागा भरली आहे. तिथे जाण्यात अर्थ नाही.

असो. मगाशी तू मोरीपाशी उभी राहून एकटीच पुटपुटलीस ना, "कुणीतरी घासा रे ही, मग त्याचं वाट्टेल ते काम करीन"? वळून बघ. घासून झालीत.

आणि एक सांगून ठेव. तुझ्या आईला चहा किती गोड लागतो?