टेलिफोनचं मीटर

किरणोत्सर्गाची किरणं मोजायचं यंत्र मी घरी बनवलं, यात कौतुक करण्यासारखं काही नाही. सर्किट इंटरनेटवर मिळतं, रशियन बनावटीची काचेची नळी कुरिअरनं येते आणि नळीला लागणारे चारशे व्होल्ट डास मारायच्या रॅकेटमधून काढता येतात. माझं म्हणावं असं त्यात एकच होतं, मोजणी दाखवणारं मीटर. बंद पडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली, कॉल मोजणारी मीटरं गोंदियाच्या एका भंगारवाल्याकडे पोत्यात पडून होती. त्यातलं एक मी आणलं. नळीतून किरण गेला की मीटर ‘टिक’ करायचं आणि आकडा एकानं सरकायचा.

दवनीवाड्याच्या पुढे एका गावात मी हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. यंत्राच्या चाचणीसाठी गॅसबत्तीची जुनी जाळी वापरायचो. वरातीत डोक्यावर धरायच्या त्या बत्तीतली ही पांढरी जाळी. जुन्या जाळ्यांत थोरियम असतं, ते किरणं सोडतं, त्यामुळे ती नळीजवळ नेली की मीटर धावायचं. एरवी कुठंही मिनिटाला बावीस-तेवीस टिक. तेवढी किरणं सगळीकडेच असतात.

भातरोपं लावायच्या रोवणीच्या आधीचे दोन रविवार मी ते घेऊन गावभर फिरलो. शाळा, हापसी, भातगिरणी. बावीस, तेवीस, पुन्हा बावीस. लोक आधी जमायचे, मग हसायला लागले. शेजारचा बकाराम म्हणाला, सरांचा डब्बा उपाशी आहे. ते मला लागलं. खरं सांगायचं तर फार लागलं.

तिसऱ्या रविवारी सुमित्राबाईंकडे गेलो. त्यांचा नवरा वारला आहे. घरात त्या आणि मुलगी सोनिका, मागे दीड एकर धानाची शेती आणि अंगणात विहीर, जिच्यावर निम्मी गल्ली पाणी भरायची. ओसरीतल्या खाटेवर मी यंत्र मांडलं आणि माझी पिशवी खाली टेकवली. सुमित्राबाईंनी ती उचलून यंत्राला लागून खाटेवर ठेवली. पुस्तकांची थैली जमिनीवर ठेवत नाहीत, म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मीटर धावायला लागलं. मिनिटाला दोनशे चाळीस.

विहिरीवरच्या बाया दोर हातात धरून थांबल्या. बकारामही आला. मी पुन्हा मोजायला हवं होतं. पिशवी बाजूला करून, जागा बदलून. आठवीच्या पोरांना मी हेच शिकवतो. पण मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की इथल्या जमिनीत किरणं आहेत, या विहिरीचं पाणी पिऊ नका. कुणी हसलं नाही. मला आनंद झाला होता, हे लिहिताना आज हात जड होतो. सुमित्राबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या.

संध्याकाळी पिशवी रिकामी करताना बाजूच्या कप्प्यात जाळी सापडली.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. सोमवारी शाळेत हेडमास्तरांनी पाठ थोपटली. मंगळवारी सरपंचांनी चहाला बोलावलं. मग सांगणं दर दिवशी आणखी अवघड होत गेलं. विहिरीवर कुणी येईना. रोवणीच्या बायांची टोळी रामकली सांभाळते. तिनं सुमित्राबाईंच्या बांधीत, त्या पाणभरल्या खाचरात, उतरायला नकार दिला, टोळीत दोघी पोटुशी आहेत म्हणून. सुमित्राबाईंचे परहे, म्हणजे लावणीची रोपं, महिन्याच्या वर गेले होते. रोपाला एकदा गाठ धरली की ते लावून फारसा उपयोग नसतो, आणि त्या घराचं वर्षभराचं खाणं त्या एवढ्याशा हिरव्या तुकड्यात उभं होतं. शाळेत जाता-येता मला तो दिसायचा. मी मान वळवून मोटारसायकल दामटायचो.

बुधवारी दुपारी मी वह्या तपासत होतो. टिक.

मीटर टेबलावर होतं. बॅटरी मी रविवारीच काढली होती. आत स्प्रिंग असते, एखादेवेळी सुटते. मी दोन्ही तारा सोडवल्या. टिक. मीटर डब्यात घालून परसात ठेवून आलो.

जेवताना पुन्हा ऐकू आलं. माझी बायको नूतन म्हणाली, घूस असेल. दुसऱ्या दिवशी ती जेवायला बसली नाही. ताट वाढून दारापाशी जाऊन उभी राहिली.

"तुमी बाहेर गेले का बंद होते," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"रविवारपासून."

शुक्रवारी मी मीटर बोदलकशाच्या तलावात फेकून आलो. जाळी तिथंच काठावर पुरली. परतताना निर्जन रस्त्यात इंजिन बंद करून उभा राहिलो. दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या बांध्या होत्या.

टिक.

मी घड्याळ लावून मोजलं. नाडीशी ते जुळत नव्हतं. दुसरं काही मनात आणलं की मिनिटाला बावीस. सुमित्राबाईंची ओसरी आठवली की मोजता येईना.

शनिवारी शाळा सुटल्यावर थेट त्यांच्या शेतावर गेलो. सुमित्राबाई आणि सोनिका, दोघीच वाकून रोवत होत्या. परहे पिवळे पडले होते. पलीकडच्या बांधीत रामकलीची टोळी होती. त्यांचं गाणं चाललं होतं.

मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून सांगितलं. जाळी, पिशवी, कप्पा, सगळं. सहा दिवस ठाऊक असून गप्प बसलो, हेही. सोनिका ताठ उभी राहिली. सुमित्राबाईंनी हातातली पेंडी संपवली.

"मी थैली वर काऊन ठेवली होती, मालूम आहे?" त्या म्हणाल्या. "तुमचा मान होता म्हणून."

मला वर बघवलं नाही.

"मले सांगून काय होते आता? तिकडं सांगा." त्यांनी चिखलाच्या हातानं टोळीकडे दाखवलं.

मी चपला काढल्या आणि पाण्यातून निघालो.

मी जवळ येताच गाणं थांबलं.

रामकलीनं मान तिरपी केली. बाकीच्याही ऐकायला लागल्या. मी बोलू लागलो. चूक माझी होती, सुमित्राबाईंच्या विहिरीत काही नाही, आज तरी त्यांच्या बांधीत उतरा.

बाया एक पाऊल मागे सरल्या.

मी पुढे झालो. मोठ्यानं, पहिल्यापासून सांगितलं.

आणखी एक पाऊल. एकीनं पोटावर हात ठेवला. रामकली माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला काही कळल्यासारखं दिसत नव्हतं.

मी ओरडलो.

मागे सुमित्राबाई पुन्हा वाकल्या होत्या. पाण्यात रोप खोचल्याचा बारीक आवाज येत होता.

"आणखी जोरानं सांगा, सर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्यायले अजून टिकटिकच ऐकू येऊन राहिली."