फाइल बंद होईपर्यंत चहा नाही

"हा काडीपैलवान अर्धा तास एकच फॉर्म घेऊन बसलाय बघ," आई मोठ्यानंच मला म्हणाली. मराठीत. दिल्लीतल्या सरकारी खिडकीवर मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर!

खिडकीपलीकडच्या मुलानं मान वर केली. "काकू, तुमचाच फॉर्म आहे. म्हणून नीट वाचतोय."

बाई गं! मी ओढणीत तोंड लपवलं. त्याच्या गळ्यातल्या कार्डावर नाव होतं – यतीन. आणि हसू दाबताना त्याच्या गालाला बारीकशी खळी पडत होती… उगाच बघितलं मी.

कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या स्वस्त फ्लॅटचे अर्ज चालले होते. आई, म्हणजे हौसाबाई, बावीस वर्षं आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये डबे पोचवते. मी एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते. मुनिरक्यातली आमची भाड्याची खोली दिवाळीपर्यंत रिकामी करायची होती, आणि पुढे कुठं जायचं ते आम्हाला माहीत नव्हतं.

"उत्पन्न मर्यादेत बसतंय, दिल्लीतली वर्षंही बसतायत," यतीन म्हणाला. "पण देशात कुठं पक्कं घर आहे का, तिथं तुम्ही 'आहे, म्हसवड' लिहिलंय."

"आहेच मुळी!" आई ताठ झाली.

"तुमच्या नावावर?"

"दिरांच्या नावावर आहे. म्हणून काय झालं?"

मला रडावं की हसावं कळेना. कुणीही विचारलं की आईचं ठरलेलं उत्तर – आमचं घर म्हसवडला. तेच तिनं फॉर्मातही लिहिलं होतं!

"तुम्हीच खोडून टाका ना, प्लीज," मी गोड आवाजात म्हणाले.

"एक अक्षर खोडणार नाही. अर्ज काकूंचा आहे. त्यांनी खोडायचं, आणि ग्रामपंचायतीचा घराचा उतारा जोडायचा. चार दिवस आहेत."

खडूस!

पण आईनं पेन हातात घेतलंच नाही. "गावाला घर नाही, असं मी माझ्या हातानं लिहू?" तिचे डोळे भरले आणि ती बाजूच्या बाकावर बसली. मागची रांग कुरकुरायला लागली. यतीन उठून खिडकीबाहेर आला आणि तिच्याजवळ उकिडवा बसला.

"काकू, फॉर्म फक्त नाव कुणाचं लागलंय ते विचारतो. गाव कुणाचं, हे विचारतच नाही. ते तुमच्याकडंच राहणार."

आईनं त्याच्याकडं बघितलं, नाक पुसलं आणि 'नाही' लिहिलं. खरं सांगू? मी तिथंच प्रेमात पडले.

काकांनी उतारा पाठवला. तो द्यायला गेले तेव्हा थर्मासमधून चहाही नेला.

"नको."

"विष नाही घातलंय."

"तुमची फाइल माझ्या टेबलावर आहे तोवर चहा नाही," तो म्हणाला. "मागच्या तीनशे लोकांनी काय आणायचं मग?"

"आणि फाइल बंद झाली की?"

"मग… दोन कप घेईन." खिडकीतून तो माझ्याकडं बघतच राहिला. मागच्या बाईनं "अरे भैया!" केलं, तेव्हा कुठं भानावर आला.

ड्रॉमध्ये आईचं नाव लागलं. नरेला, चौथा मजला, दोन खिडक्या! दिवाळीच्या आठवड्यात किल्ली मिळाली. आई गॅलरीत फोनवर काकांना सांगत होती, "घरून बोलतेय. दिल्लीच्या घरून…"

तेवढ्यात दार वाजलं. यतीन! हातात दुधाची पिशवी.

"फाइल काल बंद झाली," तो धापा टाकत म्हणाला. "लिफ्टही."

मी गॅसवर आधण ठेवलं. आवाज कडक केला. "देशात कुठं पक्कं घर?"

"नाही. भाड्यानं राहतो."

"उत्पन्न?"

"कमीच."

"लग्न?"

"नाही… अजून."

"पात्र आहात. पण अर्ज तुम्हीच करायचा. मी एक अक्षर सांगणार नाही."

तो लाल झाला. मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, "सुकन्या, मला तू फार आवडतेस. रोज खिडकीतून रांगेत तुलाच शोधायचो."

"मलाही," मी म्हणाले. बस्स, एवढंच सुचलं.

गॅलरीतून आईचा आवाज आला, "त्या काडीपैलवानाच्या चहात साखर जास्त घाल गं!"