पंचविसावा जॉइंट

कल्पना करा, तुमच्यापुढे स्टीलच्या चौतीस नळ्या पडल्या आहेत. काही लांब, काही आखूड, सगळ्या गुळगुळीत आणि हाताला गार. शेजारी एका पिशवीत मुठीएवढे लोखंडी जॉइंट आहेत. एका नळीला दुसरीशी धरून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. आता मनातल्या मनात त्यांचं एक पुस्तकांचं मांडण उभं करा बघू. खिळा ठोकायचा नाही, भिंतीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच… काय झालं, पडलं? पडू द्या. पहिल्यांदा सगळ्यांचंच पडतं. यशश्रीचंही पडलं होतं, आणि ती तर शाळेत गणित शिकवायची.

पण तिचं मांडण पडायच्या आधी आणखी एक गोष्ट घडली. तिथूनच सांगतो.

जानेवारीतली उबदार दुपार होती. जबलपुरात अधारतालच्या मोठ्या रस्त्यावरून एक ई-रिक्षा चालली होती. आत यशश्री, तिच्या भावाची नऊ वर्षांची मुलगी प्रणोती, आणि दोघींच्या मांडीवर आडव्या नळ्यांचा जुडगा. लांब नळ्यांची टोकं रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आलेली. रिक्षा एका दुकानासमोरून वळली, आणि तिथे उभ्या मोटरसायकलच्या हँडलला लटकवलेली कापडी पिशवी अलगद नळीच्या टोकात अडकून निघाली…

"ओ दीदी! रोको! मेरा डब्बा!"

यशश्रीनं मागे पाहिलं. पंचविशी-तिशीतला एक तरुण दुकानातून धावत येत होता. शर्टाच्या बाह्यांवर लोखंडाचा चुरा, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवलेला. रिक्षा थांबेपर्यंत तो धापा टाकत पोचलाही.

"आत्या," प्रणोती घाबरून म्हणाली, "आपण चोरी केली?"

'आत्या' ऐकताच त्या तरुणाच्या चेहऱ्यावरचा राग विरघळला.

"अच्छा! मराठी हो क्या?… म्हणजे, मराठी आहात तुम्ही?" तो हसला. "आमच्या घरीही मराठीच. रांझीला राहतो. बाबा फॅक्टरीत होते."

"डब्याचं खरंच माफ करा," यशश्री पिशवी सोडवत म्हणाली. "सांडलं तर नाही ना काही?"

"मटारचे पराठे आहेत, ते काय सांडणार! पण बाहेर आलेल्या नळ्यांना लाल कपडा काहून नाही बांधला? आज डबा नेला, उद्या कोणाचा डोळा न्याल."

त्याचं बरोबर होतं, म्हणून यशश्रीला जास्तच लागलं. तो मात्र खिशातून लाल फडकं काढून नळ्यांच्या टोकाला बांधतही होता. बांधता बांधता त्यानं नळ्यांवरून बोट फिरवलं.

"काय बनवून राहिल्या तुम्ही?"

"लायब्ररीचं मांडण. दोन खांबांच्या मधे."

"जागा किती?"

"सहा फूट."

"आणि या आडव्या नळ्या?"

"तीन-तीन फुटांच्या. तीन अन् तीन सहा." तिनं हनुवटी वर केली. "गणित शिकवते मी."

"वाटलंच. मी गणितात नापास झालो, म्हणून मोजून पाहतो," तो गालात हसत म्हणाला. "मॅडम, जॉइंटचीही जाडी असते. नाही बसणार तुमचं मांडण."

"बसेल."

"नाही बसणार. आणि नाही बसलं तर…" त्यानं दुकानाकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं, पाइपचे रॅक आणि फर्निचर बनवून मिळेल. "…हे दुकान माझं आहे. गौरांग नाव."

रिक्षा सुटली. यशश्रीनं मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण नळ्यांच्या टोकाला ते लाल फडकं फडफडत होतं ना… ते नीट बांधलंय की नाही, एवढंच पाहण्यासाठी तिनं मागे पाहिलं.

आता हे मांडण तिला इतकं निकडीचं का होतं, ते ऐका. तिथल्या मराठी समाजाच्या सभागृहात मुलांसाठीची सहाशे-साडेसहाशे मराठी पुस्तकं खोक्यांत पडून होती. मुलं घरी मराठी ऐकायची, पण बोलायची हिंदीत आणि वाचायची तर नाहीच. यशश्रीनं ठरवलं की ही पुस्तकं मुलांच्या हाताला लागली पाहिजेत. अडचण एकच. सभागृह लग्नाला, हळदीकुंकवाला, व्याख्यानाला दिलं जायचं आणि प्रत्येक वेळी ते रिकामं करून द्यावं लागायचं. समाजाचे अध्यक्ष बापूसाहेब निवृत्त रेल्वे अधिकारी. घड्याळाचे पक्के. ते म्हणाले, "भिंतीला खिळा नको, नव्या फरशीला ओरखडा नको. महिनाअखेरच्या रविवारी सगळ्यांसमोर पाऊण तासात मांडण उभं करून दाखव. जमलं तर लायब्ररी तुझी. नाही जमलं तर पुस्तकं नागपूरच्या संस्थेला देतो. ते मागतच आहेत."

त्याच संध्याकाळी तिनं नळ्या जोडल्या. एकेक जॉइंटचा बोल्ट किल्लीनं करकचून कसत गेली. सगळं झालं तेव्हा मांडण खांबांच्या मधल्या जागेपेक्षा पाच बोटं रुंद होतं आणि एका अंगाला कललेलं. प्रणोतीनं त्यावर फक्त एक पुस्तक ठेवलं. मग काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच यशश्री गौरांगच्या दुकानात उभी होती.

"नाही बसलं," ती म्हणाली. आढेवेढे घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. "नळ्या कापून द्या. आणि कसं जोडायचं ते शिकवा."

"चलो, मीच येऊन जोडून देतो ना. तासाभराचं काम."

"नाही. जोडणार मी."

"काहून?"

"पुढच्या लग्नाला मांडण काढायचं, परत लावायचं. तेव्हा तुम्ही थोडेच येणार आहात?"

"या म्हटलं… तर येईन."

यशश्रीनं नळ्यांकडे पाहिलं. कान मात्र तापले होते. "एकही बोल्ट तुम्ही कसायचा नाही. आधी कबूल करा."

"कबूल. हात मागे." आणि त्यानं खरोखरच दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मग रोज संध्याकाळी सहा वाजता सभागृहात हा वर्ग भरू लागला. शिक्षिका विद्यार्थी झालेली, आणि गणितात नापास झालेला शिक्षक हात मागे बांधून फेऱ्या घालत असलेला. नऊ वर्षांची प्रणोती टेप धरायची, आकडे वाचायची आणि खोवा जलेबीवर, म्हणजे खव्याच्या जिलेबीवर, लक्ष ठेवायची, कारण गौरांग रोज येताना पुडा आणायचा.

"एकदम कसायचं नाही," तो सांगायचा. "आधी सगळे जॉइंट नुसत्या बोटांनी. सैल राहू द्या. त्यांना जरा हलू द्या, एकमेकांशी जुळवून घेऊ द्या."

"आणि मग?"

"मग टेप तिरपी धरायची. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मग उलटी. दोन्ही माप सारखे आले तर मांडण सरळ. तेव्हा किल्लीचा पाव फेरा. बस."

यशश्रीचे डोळे एकदम चमकले. "अहो, हे तर कर्ण! आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात. म्हणूनच…" आणि तिनं जमिनीवर खडूनं चौकोन काढून त्याला सगळं समजावलं. तो चौकोनाकडे कमी आणि तिच्या खडू लागलेल्या गालाकडे जास्त पाहत होता.

"हे मला शाळेत कोणी असं सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर मी नापास नसतो झालो."

"झाला असतात. लक्ष कुठे असतं तुमचं?"

"आत्या, काकांचं लक्ष तुझ्याकडे असतं," प्रणोती जलेबी खाता खाता म्हणाली.

 एक नळी उगीचच घरंगळत खांबापर्यंत गेली.

जॉइंट लागायचे चोवीस. तिनं विकत घेतलेले पंचवीस, एक जास्तीचा. पहिल्या दिवशी मांडण उभं राहायला अडीच तास लागले. मग दीड. मग एक तास पाच मिनिटं. बोटांना घट्टे पडले, एकदा नळी पायावर पडून नख काळं झालं. गौरांगचे हात चटकन पुढे यायचे… आणि तिची नजर वळली की परत मागे जायचे.

"एवढी जिद्द कशासाठी?" त्यानं एकदा विचारलं.

"वर्गात एक मुलगी आहे. तिची आजी नागपूरहून पत्र पाठवते, मराठीत. मुलगी त्याचा फोनवर फोटो काढून मला पाठवते, वाचून दाखवायला." यशश्रीनं बोल्ट कसला. "आपल्या आजीचं पत्र आपल्याला वाचता आलं पाहिजे."

गौरांगनं खोक्यातलं एक पुस्तक काढून उघडलं. मग हळूच म्हणाला, "मलाही अटकत अटकतच येतं वाचायला. मलाही नाव लिहून घ्या लायब्ररीत."

शनिवारच्या सरावात बेचाळीस मिनिटं लागली. तिघांनी टाळ्या वाजवल्या. सामान आवरताना गौरांग म्हणाला, "माझं लाल फडकं अजून परत नाही मिळालं."

"सापडलं की देईन," यशश्री पिशवी बांधत म्हणाली.

आणि तो रविवार उजाडला.

सभागृहात चाळीसएक माणसं खुर्च्यांवर बसली होती. बापूसाहेबांनी आपलं घड्याळ मनगटावरून काढून प्रणोतीच्या हातात दिलं. "तू वेळ सांगायची. कोणाची भीड धरायची नाही. आत्याचीही नाही."

"नाही धरणार," प्रणोती म्हणाली.

यशश्रीनं सुरुवात केली. उभ्या नळ्या, आडव्या नळ्या, एकेक जॉइंट बोटांनी. तिचे हात घाई करत नव्हते, पण कुठे थांबतही नव्हते. गौरांग मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता, हात मागे.

"तीस मिनिटं!"

शेवटचा कोपरा, सगळ्यात वरचा. तिनं पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती.

तिनं पिशवी उलटी केली. झटकली. खुर्च्यांखाली पाहिलं. तेवीस जॉइंट मांडणावर होते, चोविसावा नव्हता. दोन आडव्या नळ्यांची टोकं हवेत लोंबत होती.

तिला आठवलं. काल घरी नेताना एक जॉइंट पायऱ्यांवरून पडला होता, त्याचे आटे गेले होते, आणि 'जास्तीचा आहेच की' म्हणून तिनं तो टाकून दिला होता. तरीही चोवीस उरायला हवे होते… मग एक कुठे गेला?

"अडतीस!"

लोक कुजबुजू लागले. बापूसाहेबांनी घसा खाकरला. यशश्रीनं ओठ घट्ट मिटले. पिशवीतली सुतळी काढली आणि त्या दोन नळ्या कोपऱ्याला बांधायला घेतल्या. निदान उभं तरी राहील. गाठ सरकली. तिनं परत बांधली, तीही सुटली.

तेवढ्यात एक सावली शेजारी आली. गौरांगनं खिशातून हात काढला आणि तिच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. जॉइंट होता. लोखंड एरवी गार असतं, हा मात्र खिशात राहून कोमट झालेला.

"हा… तुमच्याकडे?"

"मला वाटलं, जास्तीचा आहे." त्याचा चेहरा उतरला होता. "पंचविसावा."

"जास्तीचा माझ्याकडून पडून खराब झाला. काल."

"मला काय माहीत… माफ करा. माझ्यामुळे तुमचं सगळं…"

जास्तीचा जॉइंट एकच होता, आणि तो दोघांनीही खर्च केला होता.

"पण तुम्ही घेतला कशाला?" तिनं विचारलं. "दुकानात शेकड्यानं पडलेत तुमच्या."

"त्यातला एकही तुम्ही कसलेला नाही ना."

"मोठ्यानं बोला हो," मागून कोणीतरी म्हणालं, "इथे ऐकू येत नाही."

गौरांग खुर्च्यांकडे वळला. मग खरोखरच मोठ्यानं बोलला. "आज मांडण उभं राहिलं की यांना मला बोलवायचं काही कारणच नव्हतं उरत. म्हणून एक जॉइंट आठवणीला ठेवून घेतला. आवडतात मला यशश्रीजी. बहुत दिनों से… म्हणजे, डबा नेला तेव्हापासून."

 यशश्रीच्या एका हातात किल्ली होती, दुसऱ्यात तो कोमट जॉइंट. तीन आठवडे एका क्षणासाठीही न थांबलेले तिचे हात आता हलेनात.

"मागायचा होता," ती हळूच म्हणाली. "दिला असता."

"जॉइंट?"

"गौरांगजी… तुमचं लाल फडकं हरवलेलं नाहीये. माझ्या पर्समध्ये आहे. पहिल्या दिवसापासून."

तो तिच्याकडे पाहत राहिला, ती त्याच्याकडे. बापूसाहेब खुर्चीत पुढे सरकून बसले होते, आणि घड्याळ कोणी विचारतही नव्हतं.

"एक्केचाळीस!" प्रणोती ओरडली. कोणाचं लक्षच नाही. "आत्या! बेचाळीस व्हायला आले!"

मग प्रणोतीनं घड्याळ बापूसाहेबांच्या मांडीवर ठेवलं. आत्याच्या तळहातावरून जॉइंट उचलला, खुर्चीवर चढून वरच्या कोपऱ्यात नळीवर सरकवला, लोंबणारी दोन्ही टोकं त्यात घातली आणि बोटांनी बोल्ट फिरवला. टेपचं एक टोक आत्याच्या हातात दिलं, दुसरं काकांच्या. "तिरपं धरा. आता उलटं." वाकून आकडे वाचले. मान डोलावली. आत्याच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली, सगळ्या बोल्टना एकापाठोपाठ एक पाव पाव फेरा दिला, बापूसाहेबांच्या मांडीवरच्या घड्याळात डोकावून पाहिलं, आणि त्या दोघांकडे वळून म्हणाली,

"चव्वेचाळीस. झालं. आता बोला तुम्ही."