ताईचे ठोके

पेशींना रविवार कळत नाही. सुट्टी असो नसो, कुणीतरी प्रयोगशाळेत येऊन त्यांना जेवू घालायचंच. तिथली माणसं खरंच 'जेवण' म्हणतात. जुनं गुलाबी पाणी काढून ताजं घातलं, की पंगत उठली! धाकटी मात्र त्या दुपारी जेवण घालायला आली नव्हती. ती औषध घालायला आली होती.

धाकटी इथली तंत्रज्ञ. तिची थोरली बहीण, ताई, हृदयाच्या दुखण्याने गेली. जाण्याआधी दंडाच्या कातडीचा टिचभर तुकडा देऊन गेली आणि त्यातून इथे हृदयाच्या पेशी वाढवल्या गेल्या. हल्ली हे जमतं. माणूस जातं, आणि त्याच्या नावाचे ठोके काचेखाली चालू राहतात. हे बरं की वाईट, ते शहाण्यांनी ठरवावं. धाकटीला पहिल्यांदा ते सूक्ष्मदर्शकातून दिसलं तेव्हा रडू आवरलं नव्हतं. दोन ठोके घाईघाईने, मग एक लांब थांबा... ताईचं हृदय असंच अडखळायचं.

आता तेच दुखणं ताईच्या लेकीला जडलं होतं. चिमणी इस्पितळात होती. एक नवं औषध होतं. ते तिला सोसेल का, हे आधी आईच्या पेशींवर बघायचं ठरलं होतं.

एकाच बाटलीतून भरलेल्या दोन डिश धाकटीने उबेच्या कपाटातून काढल्या. एकीत औषध घातलं, दुसरीत तुलनेसाठी नुसतं पाणी. खोलीत स्पिरिटचा वास होता आणि एसीची घरघर. बाहेर आभाळ भरून आल्यामुळे दुपारीच अंधारलं होतं. थोड्या वेळाने तिने दोन्ही झाकणं काढली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

एका डिशमधले ठोके सरळ झाले होते. एकही चुकत नव्हता. दुसरी डिश थांबली होती.

"जमलं गं बाई!" म्हणत तिने औषधाची खूण शोधली. खूण झाकणावर होती. डिशच्या बुडावर करायची, झाकणावर कधीच नाही, कारण झाकणं बदलतात. हे नव्या माणसांना ती स्वतः बजावायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान! दोन्ही झाकणं टेबलावर शेजारी शेजारी पडली होती. कुठलं कशाचं, देव जाणे. औषधाने ठोके सावरले होते, की औषधानेच थांबवले होते? नुसत्या पाण्याने तर काहीच बदलायला नको होतं.

फोन वाजला. डॉक्टर होते.

"मॅडम, पोरगी फार थकलीय. पुन्हा चाचणी करण्याइतका वेळ नाही. देऊ की नको?"

"एक मिनिट थांबा, डॉक्टर..."

तिने फोन टेबलावर ठेवला. एसी आपोआप बंद पडला. त्या शांततेत तिला स्वतःचाच श्वास मोठा वाटला. थांबलेली डिश तिने पुन्हा भिंगाखाली सरकवली. आपण काय करतोय याची लाज वाटत होती, तरी ती पुटपुटली, "ताई... औषध तुला घातलं का गं?"

काही हललं नाही. मग मेलेल्या पेशींचा तो थर एकदम आकसला. दोन ठोके घाईघाईने. लांब थांबा. आणि पुन्हा सगळं निपचित.

धाकटीने फोन उचलला. "देऊ नका. ऐकताय ना? अजिबात देऊ नका."

"बरं. मग दुसरा उपाय बघतो," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मागे भावोजींचा, चिमणीच्या बाबांचा, आवाज आला, "तिला मावशीशीच बोलायचंय, डॉक्टर. मघापासून हट्ट धरलाय."

फोन चिमणीच्या हातात गेला. तिचा श्वास ऐकू येत होता, बारीक आणि थकलेला.

"मावशी, आईला बाहेर का ठेवलंस? तिला गार लागतंय."

धाकटीने थांबलेल्या डिशकडे पाहिलं. "ठेवते हं, सोन्या... दोन्ही आत ठेवते."

"दोन्ही नको," चिमणी घाईने कुजबुजली. "ती दुसरी आहे ना, जी नीट चाललीय... ती आई नाहीये."