सतरा नंबरचं कुलूप

"माय मनी वाट देखस, दारमा उभी राहीसनी...
भाकर थंडी व्हई गई, दिन गया बुडीसनी..."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सात वर्षांची होते.

तो एका लोखंडी मशीनच्या पोटातून येत होता.

पुढे जे लिहितेय त्यातलं पदरचं काही नाही. रात्रीची गोष्ट असती तर मीच म्हटलं असतं, झोपेत असशील. पण ती होती गेल्या वर्षीच्या एकवीस मेची दुपार. सव्वादोन वाजले होते. जागा, धुळ्याबाहेरचा पंप बनवणारा मोठा कारखाना. नाव लिहीत नाही. मी अजून तिथेच काम करते.

पप्पा, म्हणजे रवींद्र, तेव्हा त्याच कारखान्यात लोखंड ओतायच्या फाउंड्रीत सुपरवायझर होते. सुरक्षा सप्ताहात कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवायचे, तेव्हा मी गेले होते. साच्यांसाठी वाळू मळायचा मिक्सर बंद होता. खोलीएवढं गोल भांडं, आत जायला गुडघे मोडून शिरावं लागेल असं दार. आणि आतून ते वाट बघणाऱ्या आईचं अहिराणी गाणं...

मला वाटलं, मशीनच गातंय.

पप्पा हसले. म्हणाले, तो जीवराम आहे, चोपड्याकडचा. आत बसून चिकटलेली वाळू खरवडतो. गातो म्हणून कळतं की आत माणूस आहे.

त्याच वर्षी त्या मिक्सरमध्ये जीवरामचा जीव गेला.

घरात कोणी त्याबद्दल बोललं नाही. पण तेव्हापासून पप्पांना एक सवय लागली. मी खोलीत गप्प अभ्यास करत असले की दाराशी यायचे. "आहेस ना गं? आवाज देत जा." आई न्हाणीघरात गेली, पाण्याचा आवाज थांबला, की दारावर टकटक. शेजारचे हसायचे. आम्हाला सवय झाली.

इंजिनीअरिंग झालं आणि मला तिथेच अप्रेंटिसशिप लागली. आई सगळ्या गल्लीत पेढे वाटून आली. पप्पा एव्हाना निवृत्त झालेले, ते एवढंच म्हणाले, शिरपूरकडे काही नव्हतं का?

पहिल्या दिवशी पिवळं हेल्मेट, एक डायरी आणि एक लाल कुलूप मिळालं. कारखान्याचा नियम साधा. मशीनच्या आत जायचं तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं कुलूप लावायचं. चावी आपल्याच खिशात. आपलं कुलूप आपणच काढायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. स्विचवर एक जरी कुलूप असेल तरी मशीन चालू होत नाही.

सुरक्षेच्या वर्गात सर म्हणाले, सोळा वर्षांपूर्वी जीवराम नावाचा माणूस कुलूप न लावता आत गेला. विसरला. तुम्ही विसरू नका.

दरवर्षी प्रत्येक बॅचला हेच सांगतात. त्यामुळे तिथे जीवराम ही शिवीच झालीये. कोणी हातमोजे विसरलं, काय जीवराम! कोणी डबा विसरलं, आला बघा जीवराम!

मीही म्हणायचे. आकाशला. मिक्सर साफ करणारा माझ्याच वयाचा मुलगा, कुलूप हमखास डब्याच्या पिशवीत विसरणारा. मी म्हणायचे, एक दिवस तुझा जीवराम होईल.

माझ्या कुलपाचा नंबर अठरा. भिंतीवर कुलपं टांगायची खिळ्यांची पाटी होती. सोळा होता, अठरा होता. सतराचा खिळा रिकामा...

सहा महिने तसे बरे गेले. डायरी लिही, वाळूचा ओलावा मोज, चहा झाला का विचारायला कँटीनला जा. पण घरी आलं की पप्पांचा रोज एकच प्रश्न. आज मिक्सरकडे गेली होतीस? मी हो म्हटलं की घास हातातच राहायचा.

मग मे आला.

एकवीस तारखेला बाहेर पंचेचाळीस होतं. फाउंड्रीत किती, ते कोणी मोजत नव्हतं. दोन वाजता शिफ्ट बदलली. मिक्सर साफ करून झाला होता, तो सुरू करायचा होता. शिफ्टचे सुपरवायझर तोतारामभाऊ मला म्हणाले, स्विचवरची कुलपं निघाली का बघून ये.

गेले.

एक कुलूप होतं.

जुनं. लाल रंग उडालेला. दांडीला हिरव्या कापडाची चिंधी बांधलेली. मी नंबर वाचला...

सतरा.

हाका मारल्या, कोणाचं कुलूप आहे? कोणी पुढे आलं नाही. आकाश कुठे विचारलं, तर म्हणे पाणी प्यायला गेला असेल.

तोतारामभाऊ आले. सतरा नंबर बघून त्यांचा चेहरा जरा उतरला, पण घड्याळ पाहिलं. मिक्सरच्या दारावर दोन थापा मारल्या. कान लावला.

आत काहीच नाही.

"कोणी तरी लावून विसरलं," ते म्हणाले आणि कटर माझ्या हातात दिला. "काप, इंजिनेरबाई. लाइन खोळंबली शे."

मी म्हटलं, भाऊ, दुसऱ्याचं कुलूप कापायचं नाही ना?

"वर्गातल्या गोष्टी वर्गात," ते म्हणाले.

मी कटरचे दात दांडीवर ठेवले.

पंखे बंद होते. क्रेन थांबलेली. एवढा मोठा कारखाना, आणि पत्र्यावर ऊन तडतडतंय तेवढाच आवाज...

मी जोर लावणार...

आणि आतून आलं.

हळू. वाळू चाळावी तसं.

"माय मनी वाट देखस..."

कटर हातातून सुटला. मी भाऊंना म्हटलं, आत माणूस आहे, गातोय. भाऊ म्हणाले, कुठे? मला तर काही ऐकू येत नाही. मी दार ओढलं, बॅटरी मारली.

वाळू मळायच्या चाकामागे आकाश पडला होता. उष्म्यानं शुद्ध हरपलेली. ओठ घट्ट मिटलेले.

तो गात नव्हता. गाऊच शकला नसता.

सगळे धावले. त्याला ओढून काढलं, पाणी मारलं, ॲम्ब्युलन्स आली. वाचला. त्याचं कुलूप डब्याच्या पिशवीत सापडलं.

मी स्विचकडे परत गेले.

स्विचवर काही नव्हतं. ना कुलूप, ना तुकडा. कटर जमिनीवर होता. मी काहीही कापलेलं नव्हतं...

तोतारामभाऊ माझ्या शेजारी उभे राहिले. आम्ही दोघं स्विचच्या रिकाम्या कडीकडे बघत होतो. त्यांनी कुलूप पाहिलं होतं. पण अहवालात त्याबद्दल एक शब्द नाही. विचारलं की आजही विषय बदलतात.

मी अजून तिथेच जाते. मिक्सर बंद झाला की कान आपोआप तिकडे वळतात. गाणं आलं तर भीती वाटते. नाही आलं तर जास्त वाटते.

त्या संध्याकाळी पप्पा ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. कुलूप, नंबर, गाणं. चिंधीचं तेवढं राहून गेलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला हिरव्या लुगड्याची चिंधी होती का?"

मी मानेनं हो म्हटलं.

"त्याच्या आईच्या लुगड्याची," पप्पा म्हणाले. "आपलं कुलूप ओळखू यावं म्हणून बांधायचा."

आतून आईनं विचारलं, चहा ठेवू का?

"ती म्हातारी गेली. तेराव्याला मी स्वतः चोपड्याला जेवून आलो. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. गाणं आईचं. आई नाही, तर कशाला गाईल? एवढं माझ्या ध्यानात आलं नाही, प्रज्ञा. मी दाराला कान लावला. गाणं नाही. म्हटलं, बाहेर गेला, कुलूप विसरला."

त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंड होता, मे महिन्यात.

"तो विसरला नव्हता. त्यानं कुलूप लावलं होतं. मी कापलं."